अस्तराला कोंब फुटतात कसे

आमच्या शेजारची मंदा मला नेहमी विचारायची, “शकू, तू त्या मेडिकल कॉलेजात दिवसभर करते तरी काय वं?” मी खरं तेच सांगायचे. “उंदराच्या पोटातल्या पिल्लाची लघवीची नळी कापते.” ती पदर नाकाला लावून आत पळायची. भाजी निवडताना असलं ऐकायला कुणाला आवडेल, ते मलाही कळतं. पण झालं असं की माझं उभं आयुष्य ज्या कामात गेलं ते माझ्या गल्लीत कुणालाच धड माहीत नाही. या अंकासाठी लिहा असं सांगणं आलं तेव्हा म्हटलं, लिहूच. छापलेलं वाचताना मंदाला पळून जाता येणार नाही.

मी फार शिकलेली नाही. दहावी झाले आणि नागपुरात गांधीबागेत एका साडीच्या दुकानात फॉल-पिको करत बसले. पुढे कॉलेजच्या प्राणिगृहात पिंजरे धुवायला बाई हवी होती, तिथं लागले. तिथल्या खिडकीची जाळी फाटून डास आत यायचे, म्हणून एक दिवस रिकाम्या वेळात मी ती बारीक टाक्यांनी शिवून टाकली. भोयर सर, म्हणजे गर्भाच्या वाढीवर संशोधन करणारे आमचे प्राध्यापक, त्या जाळीपुढं उभे राहिले. “हे कुणी केलं?” मला वाटलं, आता बोलणी बसणार. तर ते मला वरच्या प्रयोगशाळेत घेऊन गेले आणि सूक्ष्मदर्शकाखाली एक तुकडा ठेवून म्हणाले, “याच्या आतलं अस्तर न फाडता सोडवता येईल का तुम्हाला?” ब्लाउजचं अस्तर उसवण्यात माझा हात बसलेला होताच. हे अस्तर मात्र तांदळाच्या दाण्याहून लहान होतं. पहिले कित्येक तुकडे मी फाडले. सर नुसता दुसरा तुकडा पुढे करत. अशी मी पिंजऱ्यातून वर आले.

बाकी सगळं बघून बघून शिकले. तुकडा मेणाच्या वडीत बसवायचा, वडीचे मशीनवर केसाहून पातळ काप काढायचे, ते कोमट पाण्यावर तरंगवून काचपट्टीवर घ्यायचे आणि रंगवायचे. काप एकमेकांना चिकटून रिबिनीसारखे निघतात. रिबीन सरळ निघाली की मला आजही, नुसतं आठवूनही, बरं वाटतं.

उंदीर मारायचं काम मात्र मला कधी आवडलं नाही. पोटुशी मादी हातात घेताना मी मनात काहीतरी पुटपुटायचे. प्रार्थना म्हणता येणार नाही, माफी म्हणता येईल. आमच्याकडे नियम होते, परवानगी घ्यावी लागे, तिला वेदना होऊ नयेत याची काळजी घेतली जाई. तरी ज्या दिवशी ते काम असे त्या दिवशी मी डबा जरा उशिरा उघडायचे.

प्रोस्टेट नावाची ग्रंथी पुरुषांना असते, मूत्राशयाच्या अगदी खाली. वय झालं की ती फुगते आणि म्हाताऱ्यांना सारखं उठावं लागतं, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. एकदा सदरमधले एक काका दवाखाना समजून आमच्याकडे शिरले. हातात सोनोग्राफीचं पाकीट. दारावरच्या पाटीवर प्रोस्टेट हा शब्द होता, तेवढा त्यांनी वाचला होता.

“बाई, ही गाठ माह्या पोटात आली कुठून, ते सांगा आधी.”

“काका, गाठ नाही, ग्रंथी आहे. तुम्ही आईच्या पोटात होते तेव्हाच आली.”

“आईच्या पोटात?” काका खुर्चीवर टेकलेच. “अन् मी इतके दिवस बायकोच्या स्वयंपाकाले दोष देऊन राहिलो!”

मी त्यांना दवाखान्याची इमारत दाखवली. पण जाताना म्हणाले, “पण आईच्या पोटात ती येते कशी?” तर तेच आमचं काम होतं, काका. तुम्हाला तेव्हा घाई होती, आता सांगते.

गर्भात मूत्राशयाच्या खाली एक लहानशी नळी असते. मुलगा असो की मुलगी, सुरुवातीला नळी सारखीच. नळीला आतून पेशींचं अस्तर आणि बाहेरून सैल पेशींची गादी. सर त्या गादीला मेझेंकाइम म्हणत. मी तोंडानं मेझेंकाइम म्हणायचे आणि मनात गादी. मुलाच्या शरीरात त्याचं हार्मोन तयार झालं की अस्तरातून बारीक बारीक कोंब निघतात आणि गादीत शिरतात. त्या कोंबांना फांद्या फुटतात, आणि त्याची ग्रंथी होते.

मला वाटायचं, हार्मोन जाऊन अस्तराला सांगत असेल, फूट म्हणून. सर म्हणाले, नाही. सुरुवातीला हार्मोनचं बोलणं गादी ऐकते. मग गादी आपल्याकडून अस्तराला निरोप धाडते. निरोप म्हणजे काय, तर प्रथिनं. इतकी थोडी आणि इतकी लहान की कुठल्याही भिंगातून दिसत नाहीत. एक प्रथिन म्हणतं, फूट, वाढ. दुसरं म्हणतं, थांब, पुरे. अस्तरही गप्प बसत नाही, तेही उलट निरोप देतं, आणि मग गादी बदलते. दोघींचं असं बोलणं चालू राहतं, तेव्हा कुठं ग्रंथी आपल्या मापाची होते.

सरांचं घर काटोलकडचं, संत्र्याच्या बागेतलं. ते मला म्हणाले, “शकुंतलाबाई, जंभेरी लिंबाच्या खुंटावर आपण संत्र्याचा डोळा भरतो, कलम करतो. फळ कशाचं येतं?”

“संत्र्याचं.”

“बरोबर. खुंट नुसता पाणी पुरवतो. इथं उलटं आहे. मूत्राशयाचं कोवळं अस्तर काढून या नळीच्या गादीवर ठेवलं तर ते मूत्राशय राहत नाही. प्रोस्टेट होतं.”

मी म्हटलं, “म्हणजे माहेर विसरते ती?” सर हसले. हे काही आम्ही शोधलेलं नव्हतं, बाहेरच्या लोकांनी फार पूर्वी करून दाखवलं होतं. पण पहिल्यांदा स्वतःच्या हातानं अस्तर गादीवर ठेवलं आणि त्यातून ग्रंथी झालेली पाहिली, त्या दिवशी मी घरी गेले ती रस्ताभर स्वतःशीच बोलत.

आता प्रणालीकडे येते. माझ्या निवृत्तीच्या आधीच्या उन्हाळ्याची गोष्ट. प्रणाली मेश्राम भोयर सरांकडे पीएचडी करत होती. बुटीबोरीची मुलगी. तिचे बाबा तिथल्या कापड गिरणीत मागांचे फिटर. प्रणालीचा विषय होता तो ‘थांब’ म्हणणारा निरोप. पिल्लाची नळी काढायची, बशीत जाळीवर ठेवून पोषक पाण्याच्या पातळीवर जगवायची, पाण्यात हार्मोन घालायचं. मग खसखशीहून बारीक मणी त्या ‘थांब’ प्रथिनात भिजवून नळीच्या एका बाजूला सुईनं ठेवायचा. दुसऱ्या बाजूला साध्या पाण्यात भिजवलेला मणी. प्रणालीचं म्हणणं, साध्या मण्याच्या बाजूला कोंब फुटतील आणि प्रथिनात भिजलेल्या मण्याच्या बाजूला फुटणार नाहीत. फुटतील, न फुटतील, एवढंच. पण ते ‘एवढंच’ तिला जमत नव्हतं. कधी नळी सुकायची, कधी मणी घरंगळायचा, कधी दोन्ही बाजू सारख्याच मुक्या.

मादी पिल्लांना आम्ही मुली म्हणायचो. एकदा मी तिला विचारलं, “मुलींचे तुकडे काहून फेकत नाही तू? वेगळ्या बशीत जपून काहून ठेवून राहिली?”

“हार्मोन दिलं तं मुलीच्या तुकड्यालेही कोंब फुटते, काकू. तिच्या गादीले सगळं येते. फक्त तिले कोणी सांगत नाही.”

हे मला माहीतच नव्हतं. मी हातातली सुई खाली ठेवली आणि ती वेगळी बशी जवळ ओढून पाहिली.

तिच्या बाबांनी ओळखीच्या एका रंगाईच्या कारखान्यात तिच्यासाठी लॅबमधली नोकरी पाहून ठेवली होती. वाईट माणूस नव्हता हो. मुलगी वर्षानुवर्षं उंदरांत बसली आहे आणि दाखवायला हातात काही नाही, हे त्यांना बघवेना. दोघांचं ठरलं होतं: पावसाळा लागायच्या आत कोंबांचं काही दिसलं तर पीएचडी, नाही तर बुटीबोरी. प्रणालीनं ते कबूल केलं होतं, तेच मला लागलं. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

आणि पावसाळ्याच्या आधी आपल्याकडे काय येतं? मे महिना.

बाहेरगावच्या लोकांना हे पटकन समजणार नाही. असे तुकडे वाढवायला एक उबेचं कपाट असतं. त्यात सदतीस अंश ऊब ठेवायची, म्हणजे आईच्या पोटातली. हे कपाट फक्त गरम करू शकतं, गार करू शकत नाही. जिथं ते बनतं तिथं तशी वेळच येत नसेल. नागपुरात मे महिन्यात खोलीच सदतीसच्या वर जाते! कपाट बिचारं बंद पडल्यासारखं उभं आणि आतला काटा वर वर. म्हणून त्या खोलीला एसी होता. त्या मे महिन्यात एसी बिघडला, आणि त्याचा सुटा भाग दिल्लीहून निघाला तो निघालाच.

सगळे हवालदिल. पिल्लं मिळणंही कठीण, कारण उन्हाळ्यात उंदीरसुद्धा संसाराला कंटाळतात. जेमतेम थोड्या माद्या पोटुशा होत्या. आणि मग एका सकाळी भोयर सर स्वतः ऑटोतून घरचा कूलर घेऊन आले. वाळ्याचे नवे टट्टे बसवलेले, पाण्याची टाकी भरलेली. खिडकीत ठेवून बटण दाबलं. अहाहा! खोलीभर वाळ्याचा वास. शिपाई, विद्यार्थी, आम्ही सगळे त्या वाऱ्यापुढं तोंडं करून उभे राहिलो. कपाटाचा काटा खाली आला. सर म्हणाले, “संशोधनाला नागपुरी अक्कल लागते.” आम्ही टाळ्या वाजवल्या.

प्रणालीनं बश्या लावल्या. मणी तिनं ठेवले, मी नुसता दिवा धरला. दोन दिवस नळ्या छान ताज्या, काचेसारख्या. तिसऱ्या दिवशी ती सूक्ष्मदर्शकावर वाकली आणि वाकलेलीच राहिली.

“काकू, कोंब आले.”

मी धावले. पाहिलं तर तुकड्यावर पांढरी जावळं. तंतूच तंतू. मला क्षणभर वाटलं, एवढे? मग एका तंतूच्या टोकाला हिरवट टिकली दिसली.

“हे कोंब नाही, बाई,” मी म्हटलं.

“माहीत आहे मले,” ती म्हणाली. “मी उगीच म्हणून पाहिलं.”

बुरशी. सगळ्या बश्यांत. औषध घातलेलं होतं, पण ते जिवाणूंचं, बुरशीला त्याचं काय! सर म्हणाले, पाणी खराब असेल. मी म्हटलं, जाळी नीट उकळली नसेल. प्रणालीनं कुणाचं ऐकलं नाही. नुसत्या पोषक पाण्याच्या दोन बश्या घेतल्या. एक कूलरच्या वाऱ्यात थोडा वेळ उघडी ठेवली, दुसरी बंद दाराच्या पलीकडच्या कोरड्या खोलीत. दोन्ही झाकल्या आणि वाट पाहिली. कूलरसमोरच्या बशीत जंगल उगवलं, दुसरी स्वच्छ राहिली. ओला वाळा, थांबलेलं पाणी आणि त्यावरून येणारा वारा: अख्ख्या नागपूरची बुरशी आम्ही हौसेनं खोलीत बोलावली होती. कपाटाचं दार उघडलं की ती आत जायची.

सर कूलरकडे बघत उभे राहिले. “माझ्या बायकोनं नको म्हटलं होतं,” ते म्हणाले. “ती घरी कूलर हवा म्हणून नको म्हणत होती, ते सोडा. पण म्हटलं होतं.”

हसलो आम्ही, पण प्रणाली हसली नाही. जून दारात आला होता आणि एकच पोटुशी मादी उरली होती.

त्या संध्याकाळी सरांनीच वाट काढली. जंतूंवर काम करणाऱ्या विभागात एक वेगळं कपाट होतं, गरमही करणारं आणि गारही. पण त्यात आमच्या तुकड्यांना लागते तशी हवा नव्हती. त्यासाठी सरांनी आपल्या विद्यार्थिदशेतली युक्ती काढली. घट्ट झाकणाची काचेची मोठी बरणी घ्यायची, तिच्यात बश्या ठेवायच्या, ओला कापूस ठेवायचा, एक मेणबत्ती पेटवायची आणि काठाला ग्रीस लावून झाकण बसवायचं. मेणबत्ती आतली हवा खात खात आपोआप विझते. विझेपर्यंत जी हवा तयार होते ती तुकड्यांना चालते. बरणी बंद, म्हणजे बाहेरची बुरशीही बाहेर.

त्या विभागाच्या लांजेवार मॅडम कडक. कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, “भोयर सर, या कपाटात माझे जंतू राहतात. तुमची मेणबत्ती माझ्या जंतूंना चालते का, ते विचारलं का तुम्ही?”

सर म्हणाले, “मॅडम, तुमच्या जंतूंना त्रास झाला तर मी स्वतः माफी मागेन.”

“माझ्या जंतूंना नाही होत हो त्रास. तुमच्या तुकड्यांना झाला तर इकडे रडायला यायचं नाही.” आणि त्यांनी सगळ्यात वरचा कप्पा स्वतः पुसून रिकामा करून दिला.

शेवटच्या मादीची पिल्लं. मी नळ्या सोडवल्या, प्रणालीनं मणी ठेवले. मेणबत्ती विझेपर्यंत ती बरणीसमोर बसून होती, आणि विझल्यावर म्हणाली, “आता आपल्या हाती काही नाही, काकू.” मी म्हटलं, “आता तरी जेव मंग.”

तुकडे जगले. वरून पाहून कोंब नीट कळेनात. नळी जाड झाली होती, कडा वेड्यावाकड्या दिसत होत्या, पण कडा म्हणजे कोंब नव्हे. खरं काय ते काप काढल्यावरच. म्हणजे आता माझी पाळी.

मेणाचंही उन्हाळ्याशी वाकडंच. वडी मऊ पडली की काप गोळा होतो, सुरकुततो, फाटतो. वडी बर्फावर ठेवून कापावी लागते आणि आमचं बर्फाचं मशीन त्या गर्मीत थंडावलं होतं. मी थर्मास घेऊन गेटाबाहेर गोळावाल्याकडे गेले.

“बर्फ दे गा भाऊ. किसू नको, तुकडाच दे.”

“शरबत कोणतं टाकू, बाई? काला खट्टा की ऑरेंज?”

“साधाच दे. मेणाले खाऊ घालायचा आहे.”

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की उन्हात डोकं फिरलेली ही आजची कितवी. पण तुकडा मोठा दिला.

वडी गार केली, पातं नवं लावलं, पंखा बंद केला, कारण वाऱ्यानं रिबीन उडते. घाम हनुवटीवरून थेंबाथेंबानं पडत होता आणि प्रणाली माझ्या बाजूला उभी राहून रुमालानं तो टिपत होती, ऑपरेशनच्या खोलीत टिपतात तसा. रिबीन निघाली. मधे एकदा तुटली, पुन्हा धरली. पाण्यावर सोडली, तिच्या सुरकुत्या उलगडल्या. रंगवून काचपट्टी मी प्रणालीच्या हातात दिली. बघितली नाही. पहिल्यांदा बघायचा मान तिचा.

ती बराच वेळ बघत होती. मग नुसती खुर्ची सोडून बाजूला झाली.

मी डोळा लावला. मधे नळीची पोकळी, भोवती जांभळं अस्तर. डाव्या बाजूला, साध्या मण्यासमोर, अस्तरातून कोंब निघाले होते, ठसठशीत, गादीत घुसलेले, लहान मुलाच्या बोटांसारखे. उजव्या बाजूला ‘थांब’ प्रथिनाचा गोल फिकट मणी, आणि त्याच्यासमोरचं अस्तर गुळगुळीत. एका जागी जरासा उंचवटा आला होता, निघू की नको अशा विचारात, आणि तिथंच राहिला होता.

“सरले बोलाव,” मी म्हटलं.

सरांनी पाहिलं, पुढची काच मागितली, मग त्याच्या पुढची, आणि म्हणाले, “हे एकदा दिसलं. पुन्हा दिसायला हवं.” सर असेच. पण त्यांनी चष्मा काढून पुसला, तो स्वच्छच होता.

त्याच आठवड्यात सुट्टीच्या दिवशी प्रणालीचे बाबा आले. कारखान्यातल्या माणसाला उत्तर द्यायचं होतं, म्हणून मुलीला विचारायला. इस्त्रीचा शर्ट, चपलांचा आवाज होऊ नये असं जपून चालणं. प्रणाली नुसती म्हणाली, “बाबा, आधी हे पाहा,” आणि त्यांना सूक्ष्मदर्शकापुढं बसवलं.

आधी त्यांना स्वतःच्या पापण्याच दिसल्या. सगळ्यांना तसंच होतं. मग मी डोकं जरा मागं घ्यायला सांगितलं.

“हाव, दिसलं. एका बाजूनं बोटं निघाली. दुसरी बाजू सपाट.” थोडं थांबून म्हणाले, “पण बेटा, यातली चांगली बाजू कोणती? फुटलेली, का थांबलेली?”

“दोन्ही लागतात, बाबा. नुसतं फूट फूट म्हटलं तं कोंब एकमेकांत घुसते, ग्रंथीचा आकारच राहत नाही. थांब म्हणणाराही लागते. तो कसा थांबवते, तेच माह्यं काम आहे.”

मेश्रामभाऊंनी डोळा काढला नाही. “आमच्या मागावर तसंच आहे,” ते त्या नळकांड्यात बघतच म्हणाले. “धागा तुटला की माग आपोआप थांबला पाहिजे. नाही थांबला तं कापडच्या कापड वाया. लोक वेगाची मशीन पाहाले येतात. ते थांबवणारं आम्ही फिटर लोकच पाहतो.”

प्रणालीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलेलं होतं.

“मंग आता पुढं काय?” त्यांनी विचारलं.

“हेच पुन्हा करून पाहायचं. दुसऱ्या पिल्लांवर. सर म्हणतात, एकदा दिसलेलं पुरत नाही.”

“बरोबर म्हणतात. तं कर ना. इथं काहून उभी आहेस?”

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग बाबांच्या पाठीकडे, आणि प्राणिगृहाच्या जिन्यानं खाली गेली. पळतच गेली, पावलांचा आवाज आला.

ते मात्र जागचे हलले नाहीत. “ताई,” ते मला म्हणाले, “तो थांबवणारा मणी नेमका कुठी आहे? मले सापडून नाही राहिला.”

मी काच जराशी उजवीकडे सरकवून दिली.